समासातला प्रश्न

आमचं परळचं वाचनालय बंद झालं तेव्हा पुस्तकं बाकड्यांवर ढीग करून ठेवली होती, कुठलंही घ्या, वीस रुपये. मला एकच हवं होतं. तळाशी सापडलं. रणजित देसाईंचं 'स्वामी', खाकी कव्हर, पाठीवर पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर, आत शिक्के मारलेला तारखांचा कागद. १९८४ साली नववीत असताना हीच प्रत मी घरी आणली होती. हीच, हे मी शेवटची पानं उघडून पाहिलं. थेऊरला रमाबाई सती जातात त्या पानाच्या समासात निळ्या शाईने लिहिलेलं होतं, "धन्य ती रमाबाई!" खाली दोन रेघा. ते तेव्हाही होतं. त्याखाली बॉलपेनने "खरंच", तेही बहुतेक होतं. पण त्याच्याही खाली बारीक पेन्सिलने दोन ओळी होत्या, त्या मात्र नव्या: "का? तिला कोणी विचारलं होतं का?"

घरी येईपर्यंत ती दोन वाक्यं डोक्यातून गेली नाहीत.

नववीत मी ते पुस्तक चाळीच्या गॅलरीत बसून तीन दिवसांत संपवलं होतं. १९६२ साली आलेली कादंबरी, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली, आमच्या मजल्यावरच्या बहुतेक बायकांनी वाचलेली. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवाई हातात आलेला माधवराव, त्याची बायको रमाबाई, घरातच उभा ठाकलेला राघोबादादांसारखा काका, स्पष्ट बोलणारे रामशास्त्री, निजाम, हैदर, हे सगळं त्यात आहे. पण आमच्या मजल्यावर त्या पुस्तकाला 'रमामाधवाचं पुस्तक' म्हणत. नंबर लावून न्यायचं, परत करताना डोळे लाल. मीही रडले. रडून झाल्यावर जे वाटलं ते आजही जसंच्या तसं आठवतं: प्रेम असावं तर असं. चौदा वर्षांच्या मुलीला चितेवर प्रेमाची खात्री पटली होती, हे आज लिहिताना माझा हात थांबतो.

बाबा तेव्हा घरीच असायचे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा धड चालू झालीच नाही. मग रात्रीची वॉचमनची नोकरी, आणि मग खोकला. टीबी निघाला. इंजेक्शनं, गोळ्या. महिना-दोन महिने घेतल्या की ताप उतरायचा, भूक लागायची, आणि बाबा म्हणायचे, आता बरा आहे मी, पैसे कशाला घालवायचे. पुन्हा खोकला, पुन्हा सुरुवात. आई त्यांचं ताट-वाटी-पेला वेगळा ठेवायची, थुंकीच्या डब्यात फिनेल घालायची, आणि दुपारी मशीनवर ब्लाऊज शिवायची.

१९८७ च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानातल्या देवराळ्याची बातमी आली. अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर गेली, आणि तिथे जत्रेसारखी गर्दी लोटली. मी बारावीत होते. ती माझ्याहून जेमतेम एका वर्षाने मोठी. पेपर वाचताना मला समासातलं "धन्य ती रमाबाई" आठवलं आणि पोटात ढवळून आलं. कारण ते वाक्य मीही मनातल्या मनात म्हटलं होतं. त्याच वर्षी सरकारने सतीचं उदात्तीकरण हासुद्धा गुन्हा ठरवणारा कायदा केला. त्याच वर्षी, दिवाळीनंतर, बाबा गेले. आई त्रेचाळीस वर्षांची होती.

त्यानंतर बरीच वर्षं मी 'स्वामी'ला हात लावला नाही.

मी लॅब टेक्निशियन झाले, ते बाबांमुळेच. सत्तावीस वर्षं थुंकीच्या स्लाइडी बघितल्या. काचेवर बेडक्याचा पातळ थर पसरायचा, सुकवायचा, वर लाल रंग, कार्बोल फुक्सिन, ओतायचा. खालून ज्योत फिरवायची, वाफ दिसली की बाजूला घ्यायची, उकळू द्यायचं नाही. पाच मिनिटांनी धुवायचं, आम्लाने रंग उतरवायचा, मग मिथिलीन ब्लू. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं निळं होतं आणि त्या निळ्यात जंतू तेवढे लाल राहतात. बारीक, किंचित वाकलेल्या काड्या. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी खुर्ची मागे सरकवून उठलेच होते. माझ्या बाबांना एवढ्याशा काड्यांनी नेलं.

माधवरावांना नेलं ते यांनीच. राजयक्ष्मा म्हणजे क्षय. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला ते गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. रॉबर्ट कॉखने हा जंतू दाखवला १८८२ साली, म्हणजे एकशे दहा वर्षांनी. पहिलं खरं औषध यायला त्यानंतरही साठेक वर्षं गेली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवलंय की पानिपताच्या मैदानानेसुद्धा मराठी राज्याचा जेवढा घात केला नाही तेवढा या पेशव्याच्या अकाली मरणाने केला. मला ते वाक्य वाचताना दर वेळी सहा महिन्यांच्या गोळ्यांचं पाकीट दिसतं. आमच्या सेंटरवर ते फुकट मिळतं.

नोकरीत मुरल्यावर मी 'स्वामी' दुसऱ्यांदा वाचलं आणि ते माझ्यासाठी पूर्ण वेगळं पुस्तक झालं होतं. नववीत आजारपण मला विरहासारखं सुंदर वाटलं होतं. आता मी बघत होते ते त्या माणसाच्या अंथरुणापाशी बसलेल्या बाईला. क्षयाच्या माणसाजवळ रात्रंदिवस बसणं म्हणजे काय, हे मला घरातूनही माहीत होतं आणि लॅबमधूनही. आमच्याकडे नवऱ्याची स्लाइड पॉझिटिव्ह आली की बायकोला आणि मुलांना तपासणीला बोलावतात, ते उगाच नाही. रमाबाईंचं प्रेम मला त्या शुश्रूषेत दिसलं. चितेची त्याला गरजच नव्हती. आणि कादंबरी मात्र सगळा सूर चितेसाठी राखून ठेवते. तिथे भाषा चढत जाते, वाचणारा हात जोडतो. देसाईंच्या लेखणीचं बळ मी कधीच नाकारणार नाही, त्या बळामुळेच तर चौदाव्या वर्षी मी तिथे पोचले होते.

वाचनालयाच्या जुन्या सभासदांत मी हे बोलले तेव्हा एका काकांनी मला समजावलं, "अगं, त्या काळी तसं होतं. आजचा चष्मा लावून इतिहास बघू नये." काका वयाने, वाचनाने माझ्याहून मोठे. तेव्हा मी गप्प बसले, पण उत्तर मला द्यायचंय. त्या काळी तसं होतं हे रमाबाईंना लागू आहे. त्या खरोखर सती गेल्या, थेऊरला नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे, ते कुणी खोडू शकत नाही आणि खोडायचंही नाही. पण मुंबई इलाख्यात सतीला बंदी आली १८३० मध्ये. कादंबरी आली त्यानंतर एकशे बत्तीस वर्षांनी. समासात "धन्य" लिहिणारा हात पेशवाईतला नव्हता, परळचा होता. शेवटच्या क्षणी रमाबाईंच्या मनात काय चाललं होतं, हे कादंबरीकाराने सांगितलंय, रमाबाईंनी नाही. तिथे मी प्रश्न विचारणं हा इतिहासाचा अपमान कसा होईल?

उलट दिशेनेही मतं बदलताना मी पाहिलीत. ना. सं. इनामदारांचं 'राऊ' १९७२ चं. बाजीराव-मस्तानीची गोष्ट. आमची आजी मस्तानीचं नावसुद्धा घेत नसे, 'ती' म्हणायची. आईने ते पुस्तक उशीखाली ठेवून वाचलं आणि मस्तानीसाठी रडली. २०१५ ला हिंदी सिनेमा आला आणि वाचनालयात 'राऊ'साठी पुन्हा नंबर लागले. माझ्या लेकीने तेव्हाच वाचलं आणि ती अडली काशीबाईंपाशी, बाजीरावाच्या पहिल्या बायकोपाशी. मी म्हटलं, मस्तानीच्या मुलाची मुंज पुण्यात कुणी लावू दिली नाही, आणि तोच शमशेर बहादूर पानिपतावर मराठ्यांकडून लढून गेला, हे बघ ना. ती म्हणाली, "ते बघितलं. पण काशीबाईंनी काय पाप केलं होतं?" दोघी आपापल्या जागी ठाम राहिलो.

'स्वामी'ची ती प्रत मी आणली तशी लेकीने वाचायला घेतली. लोकलमध्ये, करी रोड ते अंधेरी, दादरला गाडी बदलून. संपल्यावर ती पेन्सिलच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाली, "आई, आजीला काय वाटायचं गं हे वाचताना? बाबाआजोबा गेल्यानंतर?"

मी कधी विचारलंच नव्हतं. अडतीस वर्षांत एकदाही नाही.

आई आता एक्याऐंशीची आहे. डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून रविवारी दुपारी मी तिला वाचून दाखवते. गेले दोन महिने 'स्वामी' चाललंय. या खेपेला माझंच लक्ष भलतीकडे जातंय, गोपिकाबाईंकडे. नववीत मला ती खाष्ट सासू वाटली होती. आता पंचावन्नाव्या वर्षी मी तिची गणती करते. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर थोरला विश्वासराव गेला, जूनमध्ये पर्वतीवर नवरा. १७७२ ला माधवराव. पुढच्या वर्षी नारायणराव, तोही शनिवारवाड्यात मारेकऱ्यांच्या हातून. आणि ही बाई त्यानंतर पंधरा वर्षं जगली, १७८८ पर्यंत. ती पंधरा वर्षं तिने कशी काढली असतील, हे मला रमाबाईंच्या शेवटच्या दिवसाहून जास्त जाणून घ्यावंसं वाटतं. आईला मी हे बोलून दाखवलं. ती नुसतं "हं" म्हणाली.

परवाच्या रविवारी थेऊरची पानं लागली. आजारपण वाचलं. माधवरावांचा ताप, खोकला, अंगातून गेलेली ताकद. आई डोळे मिटून ऐकत होती, हाताने साडीच्या पदराचा काठ चोळत होती. मी पान उलटलं तसं म्हणाली, "थांब. पुढचं नको."

"आई, शेवट राहिला थोडाच."

"माहितीये मला शेवट. चार वेळा वाचलाय."

मग मी लेकीचा प्रश्न विचारला. आईने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. खाली वाड्यात कुणीतरी बादली आपटली, ती म्हणाली नळ आला वाटतं. आणि मग म्हणाली, "पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पण वाटायचं, बाईने असं असावं. तुझे बाबा गेले, त्या दिवशी शेजारची म्हणाली, आता तुझं काय उरलं. मला राग आला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ब्लाऊज द्यायचे होते दोन."

"रमाबाईंना मूल नव्हतं गं," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे, तिला बरं वाटावं म्हणून असेल.

"मला तुम्ही दोघं होता, ते खरं," आई म्हणाली. "पण नसता, तरी मी गेले नसते."

मी पुस्तक मिटत होते तर तिने हात पुढे करून कव्हर चाचपलं. "मिटू नको. त्या सासूचं परत वाच. ती गंगापूरला जाऊन राहिली ना, तिचं."

मी मागची पानं उलटत गेले.