अर्जावरील ‘मुले 2’

मी शहरातील एका साध्या हॉटेलात स्वागतकक्षाचे काम पाहतो. त्या रात्री कोणालाही इजा झाली नाही, तरीही त्यातील काही मिनिटांचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

आरक्षणाच्या नोंदीत ‘प्रौढ 2, मुले 2, बेबी कॉट 1, शांत खोली’ एवढेच होते. लिफ्टचा आवाज पोहोचत नाही म्हणून मी कॉरिडॉरच्या टोकाची खोली ठेवली आणि कॉट स्वतः तपासली. गादी टणक हवी, ती आणि कडा यांच्यात फट राहता कामा नये, चादर चारही कोपऱ्यांत ताणून बसलेली हवी आणि आत उशी अजिबात नको. अनेक हॉटेलांत प्रेमाने उशी आणि जाड पांघरूण ठेवतात, ते तान्ह्या मुलाला गुदमरवू शकते. पडद्याची दोरी हाताशी येणार नाही अशा भिंतीला मी कॉट लावली आणि खिडकी 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडत नाही ना, हे पाहिले. दुसऱ्या मुलाचे वय किती, हा प्रश्न मात्र माझ्या मनात आला नाही. अर्जात तो रकानाच नाही.

दुसरी मुलगी दोन वर्षांची होती. रात्री साडेनऊच्या सुमारास वडील खाली सामान आणायला गेले. तान्हे बाळ रडू लागले म्हणून आई त्याला खांद्यावर घेऊन जेमतेम दाराबाहेर आली आणि दार मागे लागले. हॉटेलातील खोल्यांची दारे आगीच्या भीतीने आपोआप मिटणारी असतात, हे पाहुण्यांना सहसा ठाऊक नसते. तिच्याकडे कार्ड होते, पण तेवढ्यात मुलीने आतला खटका फिरवला होता. वरची साखळी तिच्या हाताला लागणे शक्य नव्हते. खटका मात्र थेट तिच्या डोळ्यांसमोर होता.

हा खटका फिरवून आतून डबल लॉक झाले की पाहुण्याचे कार्ड चालत नाही आणि हाउसकीपिंगची मास्टर कीही चालत नाही. त्यासाठी इमर्जन्सी की लागते. आमच्याकडे ती एकच होती आणि मॅनेजरच्या कपाटात बंद होती; कपाटाची किल्ली घेऊन ते घरी गेले होते. चोरीच्या धास्तीने केलेली ही व्यवस्था चुकीची आहे, असे मी पूर्वी दोनदा लेखी कळवले होते. मी त्यांना फोन केला आणि ते निघाले.

मी वर पोहोचलो तेव्हा आई दार बडवत होती आणि आतून पाण्याचा आवाज येत होता. आमच्या न्हाणीघरात एकाच दांडीचा मिक्सर नळ आहे, तो मूलही वर उचलू शकते. टाकीतील पाणी कोमट ठेवले तर त्यात घातक जिवाणू वाढतात, म्हणून ते 60 अंशांवर ठेवावे लागते. तेवढे गरम पाणी लहान मुलाची त्वचा काही सेकंदांत खोलवर भाजते. गरम पाणी बंद करायला मी दार सोडून शाफ्टकडे, म्हणजे पाण्याच्या नळ्या जातात त्या कोनाड्याकडे, धावलो. तिथल्या नळ्यांपैकी गरम पाण्याची कोणती, हे देखभालीच्या कंत्राटदाराने कधीच लिहून ठेवलेले नव्हते. गेल्या वर्षी मीच प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याची चिठ्ठी बांधली होती. व्हॉल्व्ह जाम होता, तो दोन्ही हातांनी फिरवावा लागला. परत आलो तेव्हा आवाज थांबला होता.

तोवर हाउसकीपिंगच्या मावशी आल्या होत्या. त्यांची पाळी संपत आली होती आणि हातात लाँड्रीच्या याद्या होत्या. “मॅडम, दार वाजवू नका, ती घाबरून आत पळेल,” एवढे सांगून त्या जमिनीवर आडव्या झाल्या आणि एक यादी दाराखालच्या फटीतून आत सरकवून हळूच मागे ओढू लागल्या. थोड्या वेळाने कागद पलीकडून ओढला गेला. मग आई खाली बसली, हलक्या आवाजात मुलीशी बोलू लागली, आणि मॅनेजर येईपर्यंतची सव्वीस मिनिटे ती मुलगी कागद ओढत दाराशीच राहिली. आमच्या सुरक्षा प्रशिक्षणात असे काहीही शिकवलेले नाही. मावशींना तर त्या प्रशिक्षणाला बोलावलेही जात नाही.

दार उघडले तेव्हा मुलगी हसत होती. आई तिला उचलून घेऊन भिंतीला टेकली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी न्हाणीघरात गेलो. नळाची दांडी वर उचललेली होती आणि पूर्ण गरम बाजूला वळलेली होती. फरशीवरचे पाणी थंड झालेले होते. मुलीच्या एका पायमोज्याचे टोक ओले होते.

टोकाच्या खोलीत गरम पाणी उशिरा येते, अशी आमच्याकडे सतत तक्रार असते, कारण आधी लांबच्या नळीतील गार पाणी वाहून जावे लागते. मुलगी पाण्यातून बाहेर आली तेव्हा नळातून अजून गारच पाणी येत होते, की ते तापू लागले होते आणि मी व्हॉल्व्ह बंद केला म्हणून थांबले, हे मला कळण्याचा मार्ग नाही.

आता दुसरी इमर्जन्सी की मोहोरबंद पाकिटात स्वागतकक्षातच असते. अर्जात वयाचा रकाना अजून आलेला नाही, म्हणून नोंदीत ‘मुले’ दिसली की मी आदल्या दिवशी फोन करून प्रत्येकाचे वय विचारतो, आणि चालते मूल असेल तर ज्या खोल्यांतील खटका उंचावर आहे त्यांपैकीच एक देतो. अशा खोल्या आमच्याकडे चारच आहेत.