जुवारीवरचा मच्छी टाका

कोल्हापूरहून सुटलेली एसटी आंबोलीच्या धुक्यात शिरली, तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत सतरा चिंध्या होत्या. शेजारच्या काकूंनी दोनदा डोकावून पाहिलं आणि न राहवून विचारलं, "ब्लाउजपीस का?"

"नाही, गोधडी."

"गोधडीला एवढं रेशीम?"

प्रश्न बरोबरच होता. आपली वाकळ जुन्या लुगड्यांची, धावदोऱ्याची, अंगावर घ्यायची. मी शिवते त्याला इंग्रजीत क्रेझी क्विल्ट म्हणतात आणि ती पांघरता येत नाही, कारण मध्ये भरण नसतंच. अस्तराच्या मधोमध एक पाचकोनी तुकडा टाचायचा. त्यावर दुसरा उलटा ठेवून कडेने शिवायचा, मग पलटून इस्त्री मारायची. असं गोल गोल वाढवत न्यायचं. एकही तुकडा दुसऱ्याच्या मापाचा नको. मग प्रत्येक जोडावर भरतकाम. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानी दालन होतं. त्यातल्या वेड्यावाकड्या नक्षीने अमेरिकी बायकांना हा नाद लावला, असं मानतात. त्या काळातल्या कितीतरी गोधड्या आज नुसत्या हाताळल्या तरी झडतात. रेशमाचं वजन वाढवायला त्यात धातूंचे क्षार भरत, त्यांनी धागा आतून खाल्ला. म्हणून मी सुती आणि टसर, म्हणजे रानातलं रेशीम, एवढंच वापरते. टसर महाग पडतं, पण नातवंडांच्या हाती भुगा द्यायचा नाही.

या वेळी सगळी गोधडी गोव्याच्या इतिहासावर करायची होती. मुक्काम फोंड्याजवळच्या कवळ्याला, मावशीकडे.

पणजीत पहिला दिवस फुकट गेला म्हटलं तरी चालेल. फोंताइनश या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या सुंदर आहेत. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या भिंती, कडांना पांढरे पट्टे. पण प्रत्येक दारासमोर कोणी ना कोणी फोटोसाठी उभं, त्यामुळे भिंत दिसायची तेवढी दिसली. निळ्या फरशांचंही तसंच. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात फरशांवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत, जॉर्ज कोलासो यांच्या हातचे, १९३५ सालचे. म्हणजे पोर्तुगीज येऊन सव्वाचारशे वर्षं झाल्यावरचे! दुकानांतल्या निळ्या फरशा पाहून आपल्याला वाटतं, हाच जुना गोवा. मी निळ्या दोऱ्याच्या पाच छटा नेल्या होत्या. चार तशाच परत आणल्या.

जुन्या गोव्यात मात्र पाय निघेना. सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात पाद्र्यांची भरजरी वस्त्रं आहेत. जरीची तार कापडातून ओढली तर तुटते. म्हणून ती वर नुसती ठेवतात आणि बारीक रेशमाने जागोजागी टाचतात. काचेला नाक लावून मी ते टाचे मोजत होते. जुन्या गोव्याच्याच बंदरातून सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालच्या सातगावकडच्या रजया लिस्बनला गेल्या. सुती कापडावर पिवळसर टसर, साखळी टाका आणि उलटी टीप. त्यांत बायबलमधले प्रसंग, शिकारी आणि टोपीवाले फिरंगी एकाच चौकटीत बसवलेले असत. त्या आता लिस्बन-लंडनच्या संग्रहालयांत आहेत. गोव्याच्या वाट्याला फक्त त्यांची वाहतूक आली.

आणि एक गोधडी याच्या अगदी उलट्या वाटेने गेली. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांपैकी काही जण गोव्यातून घाट चढून पळाले. आजच्या उत्तर कन्नडातले सिद्दी बरेचसे त्यांचे वंशज, असं समजतात. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. मी ती यल्लापूरकडे पाहिली होती. कडेपासून सुरुवात करून धावदोरा आत आत मध्यापर्यंत जातो, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी फुलं असतात. फुलांशिवाय कवंदी पुरी होत नाही. रेशीम नाही, जर नाही. माझ्या गोधडीचे कोपरे तसेच करायचे, हे मी तिथेच ठरवलं होतं.

मोरजीला मोरजाईच्या देवळात कावीचं काम पाहिलं. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. भरतकामात आपण वर चढवतो, इथे खरवडून काढतात. तांबड्या कापडावर पांढऱ्या देठ टाक्याने तसं करून पाहिलं. जमलं, पण फार नीटनेटकं दिसलं.

तांबड्यावरून आठवलं. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी पुन्हा चर्चेत आणलेली कुणबी साडी, तांबड्या-पांढऱ्या चौकटीची, तिचा तुकडा हवाच होता. एका दुकानात "रंग पक्का, गॅरंटी" म्हणून मिळाला. श्रावणातली गोव्याची हवा, घरात वाळत घातलेलं कापड तिसऱ्या दिवशीही दमट. सकाळी पाहते तो शेजारचा पांढरा तुकडा गुलाबी! धुऊनच शिवायचं हे मी शिकवणीला येणाऱ्या मुलींना दर आठवड्याला बजावते. तो तुकडा उसवला नाही. लाज वाटली म्हणून त्यावर एक मोठं जास्वंद भरलं.

संध्याकाळी मावशी देवळात घेऊन गेली. शांतादुर्गेचं हे मूळ स्थान नव्हे, हे गोव्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. देवी दक्षिण गोव्यातल्या साष्टीतल्या केळशीची. १५६० च्या दशकात पोर्तुगीज तिकडची देवळं पाडू लागले तेव्हा ती नदीपलीकडे आली, कारण फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. मंगेश कुशस्थळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून. आत्ताचं मोठं देऊळ साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या काळातलं, त्यांचे मंत्री नारोराम यांनी बांधवलेलं. दीपमाळेपाशी बसून मावशी हे सगळं अशा आवाजात सांगत होती, जणू गेल्या वर्षी शेजाऱ्यांचं घर हललं.

मग रात्री तुकडे पुन्हा मांडले. डावीकडे केळशीचा, साष्टीच्या भातशेतीचा हिरवा. उजवीकडे कवळ्याचा, दीपमाळेसारखा पांढरा. मधला जोड जुवारी नदी. त्यावर काय भरायचं ते दोन दिवस सुचत नव्हतं, आणि उत्तर टाक्याच्या नावातच होतं. मच्छी टाका! जवळजवळ आडवा-तिडवा, एकमेकांवरून जाणारा, माशाच्या काट्यासारखा. निळ्याची एकच छटा, तीन पदरी, वीतभर लांब. रात्री साडेअकराला संपला आणि मी स्वतःवरच खूश झाले.

सकाळी मावशीने चष्मा लावला. कोपऱ्यातल्या कवंदीच्या फुलांना हात लावून "बरीं आसात" म्हणाली. मग बोट नदीवर आलं.

"ही जुवारी?"

"हो."

"आणि देवी पोहत आली काय गो?"

मला कळेना.

"होडी कुठंय?"

मी चार बोटं नदी उसवली. होडी देठ टाक्याने काढली तर केळ्यासारखी झाली. साखळी टाक्याने काढली तर चपलेसारखी. तिसऱ्यांदा मावशीनेच सुई ओढून घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हिला वल्हवायला कोण बसवतेस? देवीला एकटीला नाही हां पाठवायची."