पैसे भरलेल्या रिकाम्या खुर्च्या

इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये फुटबॉलचे दोन मोठे क्लब आहेत, आणि तुम्ही कुणाचे हे सांगितल्याशिवाय इथे ओळख पुरी होत नाही. एक शेफील्ड युनायटेड, दुसरा शेफील्ड वेन्सडे. आमच्या घरात हा निर्णय मुलाने घेतला, बहुधा वर्गात शेजारी बसणाऱ्याच्या दबावाखाली. तो वेन्सडेचा झाला, म्हणून आम्हीही झालो. क्लबचं नाव खरोखरच ‘बुधवार’ आहे. बुधवारी अर्धी सुट्टी मिळणाऱ्या कारागिरांचा हा मूळचा क्रिकेट क्लब. हिवाळ्यात पोरं विखुरू नयेत म्हणून 1867 मध्ये त्यांनी फुटबॉल सुरू केला, आणि आता क्रिकेट कुणाला आठवतही नाही.

भारतात लीग म्हटलं की प्रीमियर लीग, म्हणजे इथली सगळ्यात वरची श्रेणीच, डोळ्यांपुढे येते, म्हणून सांगते. वेन्सडे 2000 साली प्रीमियर लीगमधून खाली घसरला तो अजून परत गेलेला नाही. चार वेळा इंग्लंडचा विजेता ठरलेला हा संघ, पण शेवटचं विजेतेपद 1930 चं. तरीही दर सामन्याला पंचवीस हजारांच्या आसपास माणूस हिल्सबरो मैदानात येऊन बसतं, पावसात, गारठ्यात, हरण्याची पूर्ण खात्री असताना. आल्या आल्या मला हे वेड वाटायचं. मग लक्षात आलं, ही माणसं खेळ पाहायला कमी आणि आपल्या जागेवर बसायला जास्त येतात. बापाची जागा, त्याच्या शेजारची मुलाची, मागच्या रांगेत तेच खोकणारे गृहस्थ.

अशा माणसांना कुणी सांगितलं, ‘पुढच्या बुधवारी येऊ नका’, तर काय होईल? 2025 च्या ऑक्टोबरात नेमकं तेच घडलं.

क्लबचे मालक होते देजफॉन चानसिरी. थायलंडमधल्या टूना मासळीच्या मोठ्या उद्योगातलं घराणं. 2015 मध्ये त्यांनी वेन्सडे विकत घेतला तेव्हा शहर खूश होतं. पैसा आला, खेळाडू आले, पुढच्याच वर्षी संघ लंडनच्या वेम्बली मैदानावर प्रीमियर लीगच्या दारात जाऊन हल सिटी संघाशी 1-0 ने हरला. तिथून उतरण लागली. हिशेबातला तोटा भरून काढायला हिल्सबरो मैदान मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं, त्या प्रकरणात पुढे गुण कापले गेले. 2023 च्या मे महिन्यात संघाने चमत्कार केला. पीटरबरोविरुद्ध पहिल्या सामन्यात 4-0 ने मार खाऊन दुसऱ्यात एकूण गोलांची बरोबरी, मग पेनल्टीवर विजय, आणि वेम्बलीवर अगदी शेवटच्या क्षणी गोल करून तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत. महिन्याभरात ज्याने हे घडवलं तो प्रशिक्षक क्लबातून बाहेर. त्याच वर्षी शरद ऋतूत मालकांनी चाहत्यांना सुचवलं की 20,000 जणांनी प्रत्येकी 100 पाउंड दिले तर 20 लाख जमतील आणि कर-पगाराची अडचण सुटेल. आमचे शेजारी हे वाक्य अजूनही नक्कल करून म्हणतात.

2025 मध्ये पगारच थकू लागले. खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचेही. उन्हाळ्यात खेळाडू सोडून गेले, प्रशिक्षक गेला. उत्तरेकडचा जुना स्टँड सुरक्षेच्या कारणावरून महापालिकेने काही काळ बंद ठेवला. या मैदानात 1989 मध्ये चेंगराचेंगरीत 97 जीव गेलेत. त्यामुळे स्टँडच्या सुरक्षेवर इथे कुणी विनोद करत नाही.

तर विरोध करायचा, यावर दुमत नव्हतं. कसा करायचा, यावर घराघरांत होतं.

मोर्चा सोपा. स्कार्फ गळ्यात अडकवायचा, घोषणा द्यायच्या, मग आत जाऊन सामना बघायचा. लेस्टरला हंगामाच्या पहिल्या सामन्यात चाहते पाच मिनिटं बाहेर थांबले आणि मग आत शिरले, तेही जमण्यासारखं. मैदानात घुसणं ही मात्र वेगळी गोष्ट. इंग्लंडात 1991 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. तरी 2024 च्या जानेवारीत रेडिंगचे चाहते मालकाविरुद्ध मैदानात उतरले आणि सामना रद्द करावा लागला. आमच्यासारख्या व्हिसावरच्या माणसांनी तसल्या जागेच्या आसपासही फिरकू नये असं माझं ठाम मत. मोर्चात चालायला कुणाची हरकत नाही, हे कायदा वाचून खात्री केली तेव्हा कुठे नवऱ्याच्या कपाळावरची आठी उतरली.

आणि सगळ्यात अवघड बहिष्कार. चाहत्यांच्या ट्रस्टने सांगितलं, तिकीट घेऊ नका, दुकानातून जर्सी घेऊ नका, 22 ऑक्टोबरला मिडल्सब्रोविरुद्धच्या सामन्याला जाऊ नका.

शेजारी सत्तरी ओलांडलेले, पोलाद कारखान्यातून निवृत्त. ते पहिल्या दिवसापासून बहिष्काराच्या बाजूचे. त्यांची धाकटी बहीण त्याच रांगेत दोन खुर्च्या सोडून बसते. ती ठाम विरोधात. दोघांचं भांडण आमच्या सामाईक कुंपणाला टेकून चालायचं, त्यामुळे मला दोन्ही बाजू तोंडपाठ झाल्या.

बहिणीचं म्हणणं असं: माझ्या सीझन तिकिटाचे, म्हणजे हंगामभराच्या सामन्यांचे, पैसे मालकाने उन्हाळ्यातच खिशात घातले. मी आले नाही तर त्याचं काय जातं? मध्यंतरातल्या एका पेस्ट्रीचे आणि चहाचे पैसे. नुकसान होईल ते पगार न मिळता खेळणाऱ्या पोरांचं. मोठे खेळाडू निघून गेल्यावर ॲकॅडमीतली एकोणीस-वीस वर्षांची मुलं मैदानात उतरतायत, त्यांना रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळायला लावायचं?

मला तिचं पटत होतं. देवस्थानाचे विश्वस्त पैसे खातात म्हणून वारी सोडलेला वारकरी मी तरी पाहिलेला नाही. मी हे कसंबसं इंग्रजीत शेजाऱ्यांना समजावलं. ते म्हणाले, “वारी कर की. दानपेटीत टाकू नकोस म्हणजे झालं.”

त्यांच्याकडे दाखला होता ब्लॅकपूल क्लबचा. तिथल्या चाहत्यांनी मालक ऑयस्टन कुटुंबाविरुद्ध ‘आणखी एक पेनीही नाही’ म्हणत वर्षानुवर्षं घरचे सामने टाळले. 2019 मध्ये मालक गेल्यावरच मार्चमध्ये सगळे एकदम परतले. मोठी माणसं रडत होती म्हणे. बहीण लगेच बरी क्लबाचं नाव काढायची. तोही 2019 चाच. मालकाला पैसे उभे करता आले नाहीत आणि सव्वाशे वर्षांहून जुना क्लब लीगमधून हाकलला गेला. “तुझ्या बहिष्काराने मालक जायच्या आधी क्लब गेला तर?” या प्रश्नाला शेजाऱ्यांकडे उत्तर नव्हतं. ते गप्प बसायचे आणि गुलाबाची छाटणी करायला लागायचे.

माझं मत विचाराल तर ब्लॅकपूलचा दाखला शेजारी अर्धाच सांगत होते. तिथे निकाल फिरला तो 2017 च्या न्यायालयाच्या निवाड्याने. ऑयस्टन कुटुंबाने भागीदाराला कोट्यवधी पाउंड द्यायचे असं ठरलं, आणि पुढे वसुलीसाठी न्यायालयाने माणूस नेमला. रिकाम्या खुर्च्या मालकाला हाकलत नाहीत. ते काम घेणेकरी, करखातं आणि न्यायालय करतं. खुर्च्या फक्त त्याची तिजोरी लवकर रिकामी करतात. पण महिनोन्महिने पगार थकत असतील तर ‘लवकर’ यालाही किंमत आहे.

आणखी एक काटा होता, तो कुंपणावर बोलायला मला वेळ लागला. परदेशी, आशियाई मालकाविरुद्ध हजारो गोऱ्या माणसांचा मोर्चा, आणि त्यात मी. घोषणांमध्ये कधी ‘तुझ्या देशात परत जा’ निघेल याकडे माझे कान लागलेले असायचे. माझ्या कानावर तसं काही आलं नाही, पण धास्ती जात नव्हती. शेवटी विचारलंच. शेजारी रागावले नाहीत. म्हणाले, “आधीचा मालक मिलान मंडारिक सर्बियात वाढलेला. 2010 मध्ये क्लब बुडायला आला होता तेव्हा त्याने एका पाउंडात घेतला, कर्ज निस्तरलं. त्याच्या नावाने आम्ही टाळ्या वाजवल्यात. बिल भरणारा कुठून का येईना.” हे सगळ्या शहराचं उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. मला मात्र मोर्चात चालायला तेवढं पुरलं.

आमच्याकडे सीझन तिकीट नाही, दर सामन्याचं वेगळं घेतो. म्हणजे आमचा हिशेब बहिणीपेक्षा सरळ होता: गेलो तर नवे पैसे मालकाकडे, नाही गेलो तर नाही. मी आणि नवरा पाच मिनिटांत एकमत झालो. मुलगा झाला नाही. त्याच्या मते संघाला सोडून देणं म्हणजे दगाबाजी, आणि मोठ्यांचे हिशेब त्याला मान्य नव्हते. त्या दिवशी पाडवा होता. चकलीचा डबा मांडीवर घेऊन त्याने सामना रेडिओवर ऐकला, आमच्याशी एक अक्षर न बोलता.

वेन्सडे 1-0 ने हरला. मैदानात सात हजारांच्या आसपास माणसं होती. टीव्हीवर नंतर दृश्यं पाहिली: निळ्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा, मध्ये कुठे तरी एखादं डोकं. त्यातल्या कितीतरी खुर्च्यांचे पैसे आधीच भरलेले होते, आणि ती माणसं घरी बसून रेडिओ ऐकत होती. शेजाऱ्यांचीही एक. त्यांची बहीण मात्र गेली होती. रांगेत एकटीच होती, नव्वद मिनिटं टाळ्या वाजवल्या असं तिने सांगितलं, आणि आवाज बसला होता त्यावरून खोटं वाटलं नाही. तिला कुणी गद्दार म्हणालं असतं तर मी तरी भांडले असते.

शुक्रवारी, 24 ऑक्टोबरला, बातमी आली की क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. कंपनी देणी भागवू शकत नाही तेव्हा तटस्थ हिशेबनीस कारभार हातात घेतात आणि खरेदीदार शोधतात, तो प्रकार. मैदानाच्या मालकीची कंपनीही त्यातच गेली. नियमाप्रमाणे 12 गुण कापले आणि संघ उणे सहावर आला. उणे सहा! अशा बातमीवर शहरात हॉर्न वाजले, कारण क्लब मालकाच्या हातून गेला होता. क्लबाच्या दुकानाबाहेर रांग लागली, महिनोन्महिने मफलरही न घेणारी माणसं पिशव्या भरभरून बाहेर पडत होती. प्रत्येक पाउंड आता प्रशासकांकडे जाणार होता, म्हणजे आधी पगारांना.

शनिवारी ऑक्सफर्डविरुद्ध सामना. आम्ही तिघंही गेलो. 27,000 च्या वर गर्दी, तीही तीन दिवसांपूर्वी ओस पडलेल्या मैदानात. संघ 2-1 ने हरला आणि लोक गात गात बाहेर पडले. मुलाने मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही, पण जर्सी घेतली.

आता फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा 2025 च्या जुलैत झाला आहे, मालक पारखून घेण्याचे अधिकार त्याने नियामकाला दिले आहेत. कुंपणावर त्यावरूनही दोन पक्ष आहेतच. परवा बहिणीने भावाला विचारलं, नवा मालकही तसाच निघाला तर पुन्हा घरी बसशील का?

“बसेन,” ते म्हणाले, “पण या वेळी सीझन तिकीट काढायच्या आधी.”