बिनवायरीचे दिवे

लग्नाच्या लॉनवर हल्ली झाडांच्या बुंध्याशी, कमानीच्या पायाशी ठेंगणे दिवे ठेवलेले असतात, खालून वर जांभळा-केशरी उजेड फेकणारे. पुण्यात म्हात्रे पुलापाशी डीपी रस्त्याला लॉनला लागून लॉन आहे. तिथे यजमान हौसेने सांगतात, "सगळं वायरलेस आहे हं!" ती वायर गेली कुठे हे बघायचं असेल, तर दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेत आमच्या ताईच्या हॉलमध्ये यावं.

भाच्याचा लायटिंगचा धंदा आणि ताईचा हॉल हे त्याचं गोदाम. सोळा पार, म्हणजे हेच बॅटरीवरचे ठेंगणे दिवे, आणि ते चार्ज करायला सोळा ॲडॅप्टर. हा ॲडॅप्टर लोकलमधल्या चौथ्या सीटसारखा, स्वतः बसतो आणि शेजाऱ्याला उठवतो. पाच सॉकेटच्या बोर्डावर तीनच मावतात, मग बोर्डाला बोर्ड, त्याला तिसरा बोर्ड. निवृत्तीनंतर हे चार्जिंग खातं मी मागून घेतलं.

आधी विजेच्या सामानाची तपकीर गल्ली गाठली. तिथल्या एका दुकानदाराने प्लायच्या पट्टीवर ऐसपैस अंतराने सॉकेट बसवून दिली, जाड वायर आणि वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, जोडून. ताईला भाराची धास्ती होती. पण 12.6 व्होल्ट, 3 अँपिअरचा ॲडॅप्टर म्हणजे जेमतेम 40 वॅट. सगळे मिळून 700च्या आत-बाहेर, एका इस्त्रीएवढे. 6 अँपिअरचं सॉकेट 1,380 वॅटपर्यंत ओढतं. भ्यायचं ते सैल सॉकेटला. पिन जिथे हलते, तिथेच तापते.

खरी गोम पिनेत आहे. जुन्या दिव्यांना 12.6 व्होल्ट लागतात, नव्या चारांना 16.8, आणि पिन दोघांची अगदी तीच! म्हणून ताईची नेलपॉलिश घेतली. जुन्यांच्या दिव्यावर आणि ॲडॅप्टरवर लाल ठिपका, नव्यांच्या दोन्हींवर चंदेरी. शिवाय दोन्हीकडे तोच नंबर. उरलेली वायर गुंडाळून वेल्क्रोची पट्टी. रबरबँड नको, पुण्याच्या उन्हाळ्यात तो वितळून वायरीलाच चिकटतो. चार्ज होताना दिवे एकावर एक रचायचे नाहीत आणि गॅलरीतल्या उन्हात तर मुळीच नाहीत. आतल्या लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही.

"मामा, सगळे हिरवे झाले का?" भाचा दारातूनच विचारतो. सात नंबर नेहमी मागे राहतो, बाकी ॲडॅप्टर चार्जिंग संपून हिरवे झाले तरी त्याचा लालच. त्याची बॅटरी थकली आहे. त्या दिव्याला एकच रंग लाव, असं मी भाच्याला सांगतो. चारही रंग पेटवून पांढरा उजेड मागितला की बॅटरी भराभर उतरते, एकट्या निळ्यावर तोच दिवा रिसेप्शन निभावून नेतो. निळा काही मला आवडत नाही, त्यात जेवणारे आजारी दिसतात.

वेळापत्रकही लागलं. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊ शकते, त्यामुळे गुरुवारच्या कार्यक्रमाचं चार्जिंग बुधवारी रात्रीच. चातुर्मासात लग्नं थंडावली की बॅटऱ्या निम्म्या भरून ठेवायच्या. गच्च भरून ठेवल्या तर लवकर म्हाताऱ्या होतात, रिकाम्या ठेवल्या तर उठतच नाहीत. गणपतीत पुन्हा बाहेर.

आता भिंतीवर सोळा वायरी रांगेत लोंबतात. ताईचं म्हणणं, दिसतं छान, पण बिल? हिशेब मांडून दाखवला. एका दिव्याची बॅटरी साधारण 110 वॅट-तासांची, म्हणजे सगळे भरायला दोन युनिटच्या आसपास. तिने कागद घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाली, "मग ते पैसे त्याच्याकडून कधी घ्यायचे, तेही लिही."