समुद्रापर्यंतचा शेवटचा टप्पा : लांब सायकल सफर संपवतानाचा माझा अनुभव

लांब पल्ल्याच्या सायकल सफरीबद्दल वाचायला घेतलं की सगळा भर सुरुवातीवर असतो. सायकल कोणती घ्यावी, सामान किती न्यावं, सराव कसा करावा. सफर संपवायची कशी, याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. माझ्या मते शेवटचा टप्पा वेगळा बसून आखावा लागतो, आणि तो समुद्रावर संपणार असेल तर नक्कीच. मी आणि माझी मैत्रीण समुद्रापासून खूप आत, डोंगराळ भागातून निघून किनाऱ्यापर्यंत गेलो. त्यातल्या फक्त शेवटाबद्दल इथे लिहिते आहे.

सुरुवात वाऱ्यापासून. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळेच शाळेत शिकतो, पण ते खऱ्या अर्थाने समजतात ते किनाऱ्याच्या दिशेने पेडल मारताना. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. उशिरा सकाळी हा वारा सुरू होतो, दुपारी ऐन भरात असतो आणि संध्याकाळी पडतो. समुद्राकडे निघालेल्या माणसाला तो थेट छातीवर घ्यावा लागतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी २० किलोमीटरने चालवताना समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला, तर तो रोध थेट तिप्पट होतो. थकलेल्या पायांना हे झेपत नाही. रात्री आणि पहाटे मात्र गणित उलटं असतं. जमीन लवकर निवते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि तो असला तर पाठीशी असतो.

म्हणून आम्ही शेवटचा टप्पा मुद्दाम छोटा ठेवला आणि उजाडायच्या आत निघालो. हा निर्णय मैत्रिणीचा. "शेवटच्या दिवशी घाई नको. पोचल्यावर अंगात थोडी ताकद उरली पाहिजे," असं ती पहिल्यापासून म्हणत होती. आता मीही सगळ्यांना हेच सांगते.

नकाशात शेवट समुद्रसपाटीला आहे म्हटल्यावर उताराची अपेक्षा करू नये. किनारा डोंगराळ असेल तर प्रत्येक खाडीशी रस्ता खाली उतरतो आणि पुढच्या टेकडीवर पुन्हा चढतो. एकही चढ मोठा नसतो, पण बेरीज भरपूर होते. हलका गिअर टाकायचा, पाय फिरते ठेवायचे आणि गुडघ्यावर जोर येऊ द्यायचा नाही, एवढंच करता येतं.

समुद्र पहिल्यांदा दिसला तो अशाच एका चढाच्या माथ्यावरून, आदल्या संध्याकाळी. मला सगळ्यात जास्त भरून आलं ते तिथे. दोघी सायकली आडव्या टाकून बसलो आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. प्रत्यक्ष किनाऱ्यावर पोचल्यावर आनंद झाला, पण तो शांत होता. मला वाटतं पुष्कळांचं असंच होत असावं, आणि पोचल्याच्या क्षणी फार काही वाटलं नाही म्हणून मन खट्टू करून घेऊ नये.

समुद्रापासून समुद्रापर्यंत जाण्याची ओढ सायकलइतकीच जुनी म्हणायला हवी. १८८४ मध्ये थॉमस स्टीव्हन्स पुढचं चाक भलंमोठं असलेली सायकल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडून निघाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टनला पोचला. सायकलवरून अमेरिका ओलांडणारा तो पहिला माणूस. मध्ये धड रस्ते नव्हते, कितीतरी अंतर त्याने सायकल ढकलत काढलं. १९७६ मध्ये ओरेगॉनच्या किनाऱ्यापासून व्हर्जिनियापर्यंतची मोठी सामूहिक सफर झाली, तिच्यात हजारो लोक उतरले. अशा सफरींमध्ये निघताना मागचं चाक एका समुद्रात आणि पोचल्यावर पुढचं चाक दुसऱ्या समुद्रात बुडवायची प्रथा आहे. आमच्या सुरुवातीला समुद्र नव्हता, पण शेवटी तरी पुढचं चाक पाण्याला लावायचंच, हे आधीच ठरलं होतं.

त्यासाठी भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवली होती. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीला पोचलात तर पाण्यापर्यंत लांबलचक वाळू तुडवावी लागते. आम्ही रस्ता संपला तिथेच पॅनिअर (सायकलच्या बाजूला अडकवलेल्या सामानाच्या पिशव्या) उतरवले आणि सायकली खांद्यावर घेतल्या. कोरड्या वाळूतून सायकल ढकलली की बारीक कण चेनमध्ये आणि ब्रेकमध्ये शिरतात, मग चेन कानसीसारखी दात घासत राहते.

"टायर बुडव, हब नको. बेअरिंगमध्ये खारं पाणी गेलं की निघत नाही," मैत्रीण म्हणाली. हब म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्याच्या आत बेअरिंग असतात. मी मागचं चाक उचलून धरलं आणि पुढचं हलकेच टेकवलं. लाट आली, टायरच्या खाचांत अडकलेली आतल्या भागातली लाल माती सुटली आणि पाण्यात तिची एक बारीक रेघ उमटली. ती मी नीट पाहिली. मग उंची दाखवणारं यंत्र बघितलं, तर त्यात अजून काही मीटर उंची शिल्लक होती. ही यंत्रं हवेच्या दाबावरून उंची काढतात आणि हवामान बदललं की आकडा सरकतो. आम्ही तिथेच ते शून्यावर आणलं. खरी उंची खात्रीने माहीत असलेली यापेक्षा चांगली जागा कुठली!

यानंतरचं काम फोटोंपेक्षा महत्त्वाचं आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पोलादी चेन तर गंजतेच, पण पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे चिकटून असतात तिथे खाऱ्या पाण्याने वेगळीच झीज सुरू होते आणि सीटपोस्टसारखे (सीटखालच्या दांड्यासारखे) भाग कायमचे अडकून बसतात. म्हणून त्याच दिवशी, गोड्या पाण्याने, सायकल धुवायची. जोराचा फवारा मारायचा नाही, त्याने मीठ बेअरिंगच्या आत ढकललं जातं. वरून संथ पाणी सोडायचं, फडक्याने पुसायचं, चेन पूर्ण वाळू द्यायची आणि मगच तेल. आम्ही बोल्टसुद्धा एकेक करून पुसले.

परतीसाठी खोक्यात भरताना पेडल काढावे लागतात. लक्षात ठेवायची सोपी खूण म्हणजे पेडलच्या वरच्या बाजूला धरलेला पाना दोन्हीकडे मागच्या चाकाच्या दिशेने फिरवला की पेडल सैल होतं, कारण डावीकडचे आटे उलटे असतात. मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, सोडवून फ्रेमच्या आत बांधलं, आणि पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुपाखी दांड्याच्या) दोन टोकांमध्ये आधार बसवला, नाहीतर दाबाने ती आत वाकतात.

शरीराचंही असंच आवरावं लागतं. माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. तळहाताच्या त्या बाजूची नस हँडलवर सतत दाबली गेली की असं होतं. विश्रांतीने ते हळूहळू ओसरलं, पण बरेच दिवस शर्टाची बटणं लावताना जाणवायचं. ज्यांचं ओसरत नाही त्यांनी डॉक्टरांना दाखवावंच. भूक मात्र लगेच कमी होत नाही, आणि सगळं एकदम थांबवलं तर पायही अस्वस्थ होतात. आम्ही पुढचे काही दिवस रोज थोडा वेळ, अगदी हलक्या गिअरवर, सायकल चालवत राहिलो. मनाला जी पोकळी जाणवते तिलाही याने बरं वाटतं, हा माझा अनुभव.

सायकल पुन्हा जोडल्यावर चेन मोजली. नव्या चेनमध्ये कुठल्याही पिनेपासून पुढची २४वी पीन बरोबर १२ इंचांवर येते. माझी एक षोडशांश इंचाहून जास्त लांबली होती, म्हणजे बदलायच्या लायकीची. नवी चेन टाकली, मागचे दात अजून शाबूत आहेत.