बाईंचा त्रिकोण

अमृतमहोत्सवाचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं, खाली "मनोगत दोन पानांत पाठवा" असं लिहिलेलं. आता दोन पानांत अख्खी शाळा काय मावणार, आणि स्नेहसंमेलन, कबड्डी वगैरे बाकीचे लिहितीलच, मी आपला भौतिकच्या बाईंबद्दल लिहितो. नाव सांगायला नको, आमच्या वेळी नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच.

नववीत द्रवाचा दाब आला तेव्हा बाईंनी पुस्तक उघडलंच नाही, सगळा वर्ग उठवून मागच्या हौदापाशी नेला. शेजारी नळाचा ओटा बांधायचं काम चालू होतं, गवंडी मामा थापी हातात घेऊन बघत राहिले. बाईंनी टेप लावला, पाणी दीड मीटर खोल, भिंत दोन मीटर लांब. मग म्हणाल्या, वर काठाशी पाणी ढकलतच नाही, शून्य. तळाशी दर चौरस मीटरला दीड टन. म्हणजे सरासरी पाऊण टन, आणि भिंत तीन चौरस मीटर, करा गुणाकार. सव्वादोन टन! रोज ज्या भिंतीला टेकून आम्ही डबे खायचो तिला पाणी आतून सव्वादोन टनांनी रेटतंय हे ऐकून आमच्यातले दोघं खरंच बाजूला सरकले.

बाईंनी बाहेरच्या गिलाव्यावर खडूने मोठ्ठा त्रिकोण काढला, वर टोक, खाली पाया, आणि तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे अर्ध्या मीटरवर, फुली मारली. सगळा जोर मिळून जणू इथे लागतो म्हणाल्या. तेवढ्यात मामा मागून बोलले, "म्हणून तर बाई आमच्या बापानं ही भिंत खाली दीड विटेची घेतली नि वर एका विटेची." बाई इतक्या खूश झाल्या की ते वाक्य त्यांनी मामांना सगळ्या वर्गासमोर परत म्हणायला लावलं, आणि मामा लाजले.

मग खरा प्रश्न. हौद मागे पार मैदानाच्या टोकापर्यंत लांब केला, खोली तीच, तर या भिंतीवरचा जोर किती वाढेल? वर्ग ओरडला, खूप! बाई म्हणाल्या, गुंजभरही नाही. यावर आठवडाभर भांडणं चालली होती हो, कुणाला पटेचना. शेवटी कोयनेच्या सहलीत धरण समोर दाखवून बाई म्हणाल्या, मागे पाणी तापोळ्यापर्यंत गेलंय, पण भिंतीला त्याचं काही नाही, तिला फक्त आपल्या पुढ्यातली खोली कळते. आणि बाईंचा शॉर्टकट: खोलीचा वर्ग करा, निम्मा करा, की भिंतीच्या दर मीटर लांबीला तितके टन. समजा ८० मीटर पाणी, तर ३२०० टन. खोली दुप्पट केली की जोर चौपट. (पेपरात मात्र न्यूटनमध्येच लिहायचं, ९.८ ने गुणायला विसरलात तर अर्धा मार्क कट, त्यात दयामाया नाही.)

आज मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे, जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या टाक्यांची बरीच डिझाईन्स केली. गोल टाकीच्या भिंतीत रिंगांच्या सळया खाली दाट आणि वर विरळ का, हे साईटवर कुणी विचारलं की मी अजूनही भिंतीवर तोच त्रिकोण काढतो. ऑफिसला नवीन येणारी पोरं सॉफ्टवेअरमध्ये हुशार आहेत, पण आकडा आला की तो बरोबर वाटतोय का हे बघायची सवय नाही, आठ मीटर खोल पाण्याच्या टाकीला मीटरमागे बत्तीस टन हे तोंडी यायला नको? क्लासवाल्यांनी याच जोराचं सूत्र, अर्धा रो जी एच वर्ग, पाठ करून घेतलंय, अर्धा कुठून आला विचारलं की गप्प.

मध्ये शाळेत आलो तर हौद पाडलेला, तिथे स्टँडवर काळ्या प्लास्टिकच्या टाक्या. सोय आहे, मान्य, पण त्यावर खडू उमटत नाही. वाईट वाटलं. बाई गेल्या तेव्हा मी बाहेरगावी साईटवर होतो, यायला जमलं नाही.

समितीच्या पत्रकात नव्या इमारतीसोबत जमिनीखालच्या मोठ्या टाकीचा उल्लेख वाचला. तिचं डिझाईन मी करून देतो, फी नको. जमिनीखालची टाकी म्हणजे रिकामी असताना मातीचा आणि पावसाळ्यात बाहेरच्या पाण्याचाही जोर उलटा आत येतो, तेही धरावं लागेल, तेवढा सॉईल रिपोर्ट लवकर पाठवा.