चेहरा जागेवर, खांब अंगावर

वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात शूट होतं. सीन छोटा: खुर्चीत बसलेल्या बाईला कळतं की वाडा विकला गेलाय. दिग्दर्शकाला तिथे डॉली झूम हवा होता. कॅमेऱ्याची ट्रॉली रुळांवरून मागे येते, त्याच वेळी झूम आत जातो. चेहरा तेवढाच राहतो आणि मागचा वाडा अंगावर चालून येतो. मी फोकसला होतो, म्हणजे शॉटभर चेहरा शार्प ठेवणं माझ्याकडे.

पहिला प्रश्न खुर्चीचा. आर्टवाल्यांनी ती भिंतीपासून तीन फुटांवर मांडली होती, भिंतीवरची तसबीर दिसावी म्हणून. या शॉटला ती जागा काही कामाची नाही. झूम 25 एमएमवरून (वाइड) 75 वर (टेली) नेला तरी तीन फूट मागची भिंत जेमतेम 1.4 पट मोठी होते. बघणाऱ्याला वाटेल नुसता झूम मारलाय. तेच पाठीमागे वीस फुटांवर चौकापलीकडचे लाकडी खांब ठेवले, की ते सव्वादोन पट वाढतात. डॉली झूमची सगळी मजा पार्श्वभूमीच्या खोलीत आहे. खांब, कमानी, जिन्याचे कठडे अशा उभ्या रेषा असतील तर दुधात साखर. खुर्ची फिरवली, तसबीर गेली. आर्टवाल्या ताई थोड्या नाराज झाल्या, पण मॉनिटर बघितल्यावर काही बोलल्या नाहीत.

ट्रॅकखाली फरसबंदी होती, कुठे दगड वर, कुठे खाली. प्लायच्या पट्ट्या टाकून वर रूळ, मग लाकडी पाचरी ठोकत लेव्हल. स्पिरिट लेव्हल दोन्ही रुळांवर लांबीने आणि मग दोघांवर आडवी फळी टाकून तिच्यावर, असं दर दोन-तीन फुटांवर. आडवं बघायचा कंटाळा केला की ट्रॉली डुलते. जोड कुठे येतो हेही बघावं लागतं. 25 वर न जाणवणारा धक्का 75 वर तिप्पट दिसतो. म्हणून चार फुटी तुकडा खुर्चीच्या बाजूला घेतला आणि पुढे आठ-आठ फुटी. पहिला जोड वाइडच्या बाजूला ओलांडला जातो, दुसरा शेवटच्या मार्कच्या मागे राहतो. रुळांना टाल्कम पावडर.

आता गणित. फोकल लेंथ (म्हणजे झूमचे एमएम) आणि अंतर यांचं प्रमाण कायम ठेवलं की चेहरा तेवढाच राहतो. कागदावर ते सोपं होतं: 25 ला 5 फूट, 75 ला 15 फूट. रिहर्सलमध्ये मात्र शेवटाकडे चेहरा आठ टक्क्यांच्या आसपास आक्रसला. कारण असं की अंतर मोजायची टेप आपण कॅमेऱ्यावरच्या सेन्सरच्या खुणेपासून लावतो, आणि पर्स्पेक्टिव्ह ठरतो लेन्सच्या एंट्रन्स प्युपिलपासून, म्हणजे समोरून लेन्समध्ये बघताना छिद्र जिथे दिसतं तिथून. आमच्या झूममध्ये तो बिंदू सेन्सरच्या सुमारे सात इंच पुढे होता. 5 फुटांत सात इंच म्हणजे मोठा हिस्सा, 15 फुटांत किरकोळ. सात इंच वजा केले तर जवळचं अंतर 53 इंच. त्याची तिप्पट 159. परत सात मिळवले की 13 फूट 10 इंच. शेवटचा मार्क तिथे सरकवला आणि चेहरा जागेवर आला. झूम करताना हा बिंदूही थोडा हलतो, त्यामुळे शेवटची दुरुस्ती मॉनिटरवर चायनाग्राफ पेन्सिलने (काचेवर उमटणाऱ्या मेणाच्या पेन्सिलने) डोळ्यांची आणि हनुवटीची खूण करूनच होते.

झूम मोटरवर होता आणि खरी कसोटी झूमवाल्याचीच. ट्रॉली एकसारख्या वेगाने चालली तर एमएमही एकसारखे वाढायला हवेत, पण झूमच्या रिंगवरच्या खुणा मोठ्या आकड्यांकडे दाटत जातात. सहा सेकंदांच्या शॉटमध्ये 25 ते 43, म्हणजे रिंगची निम्मी फिरकी, सव्वादोन सेकंदांत संपते आणि उरलेली निम्मी पावणेचार सेकंद चालते. एकाच वेगाने फिरवली तर मधे चेहरा बारीक होऊन परत फुगतो. म्हणून ट्रॅकच्या कडेला टेप लावले: 7 फुटांवर 36, 9 वर साडेसत्तेचाळीस, 11 वर 59, 13 वर 70. शॉट म्यूट होता, आवाज रेकॉर्ड होत नव्हता, त्यामुळे अटेंडंट आकडे पुकारत होता.

सगळ्यात वाईट असतो पहिला अर्धा फूट. तिथे सहा इंच सरकलं की चेहऱ्यात दहा टक्क्यांचा फरक पडतो, शेवटी तेच सहा इंच चार टक्क्यांचे. ट्रॉली सुटली आणि झूम क्षणभर मागे राहिला तर शॉट तिथेच उघडा पडतो. ट्रॉलीवाल्या काकांना म्हटलं, ‘काका, झटका नको, तुम्ही श्वास सोडा आणि निघा, झूमवाला तुमच्या खांद्याकडे बघतोय.’ कलाकाराचंही तसंच. वाइडवर ती तीन इंच पुढे झुकली तरी चेहरा सहा टक्के वाढतो, म्हणून खुर्चीचे पाय पाचरींनी पक्के केले आणि पाठ टेकूनच बसायला सांगितलं.

माझं काम त्या मानाने निवांत. टेलीकडे फोकस नाजूक होतो असं सगळे धरून चालतात, पण चेहऱ्याचा आकार तोच आणि टी-स्टॉप (लेन्स किती उघडी ठेवली त्याचा आकडा) तोच असेल तर चेहऱ्याभोवतीची डेप्थ, म्हणजे शार्प दिसणारा पट्टा, जवळपास तेवढीच राहते. टी 4 वर काहीच अडचण आली नाही. फोकसची रिंग मात्र सुरुवातीला भराभर फिरवावी लागते.

6के वर शूट करून त्याहून लहान 4के फ्रेम द्यायची होती, त्यामुळे दोन-तीन टक्क्यांची चूक एडिटमध्ये स्केल करून निघते. रुळाचा धक्का तसा निघत नाही. स्टॅबिलाइझ केलं तरी त्या फ्रेम्समधला ब्लर राहतोच.

टेक ओके झाल्यावर दिग्दर्शकाला तोच शॉट दहा सेकंदांचाही हवा झाला. मार्क अंतराचे होते, वेळेचे नव्हते, म्हणून टेपला हातही लावावा लागला नाही. पण हळू ढकलताना ट्रॉली पहिल्या जोडावर अडखळायला लागली. दोन सँडबॅग चढवल्या, वजनाने ती सरळ निघून गेली आणि पुढचा टेक ओके झाला.